दहा लिटर

लिल्हारे सरांनी पिकअपमधून चार टाक्या उतरवल्या
आणि पाळीवर पोतं टाकून मांडल्या,
बाजारात भोपळे मांडतात तशा.
एक घे, म्हणाले. सोसायटीचे पैसे आहेत, बघून घे.

मी आधी रंगच बघितला, खोटं कशाला बोलू.
पिवळी छान होती.

ॲल्युमिनियमची आहे, सर म्हणाले.
भरलेली असते तोवर बुडते,
हवा संपत आली की पाहुणीसारखी
निघते निघते करायला लागते,
मग कमरेला शिसं जास्त बांधायचं.
पोलादाची तशी नाही, ती शेवटपर्यंत खाली राहते.
पण आतून गंजते कधी, आणि बाहेरून कळत नाही.

मी मान हलवली. अशी माणसं मला ठाऊक होती.

पंधरा लिटरची सगळ्यांना आवडली.
मोठीच घ्या, चेअरमन म्हणाले, पैसा वसूल.
पाळीच्या उतारावरून तिला पाण्यापर्यंत नेणार मी,
सत्तेचाळीस किलोची,
आणि तुडूम फक्त साडेचार मीटर खाली.
रात्री वहीत हिशेब मांडला होता:
दहा लिटर, दोनशे बार, दोन हजार लिटर हवा.
मिनिटाला तीस धरले, नवखी घाबरतेच.
पन्नास बार राखून पन्नास मिनिटं.

"पन्नास मिनिटं?" बाबा म्हणाले.
"मंग तेवढा वेळ खाली करशीन काय?"
तीस वर्षं ते याच तुडमाशी एका दमात जाऊन आलेत.
फांदी काढली, जाळं काढलं,
एकदा मारोती वलथऱ्याची सायकल,
घंटीसकट.

टाकीच्या मानेवर आकडे ठोकलेले असतात.
बोट फिरवून वाचले. चाचणीची तारीख, पुढे पाच वर्षं.
पिवळीची मुदत गेल्या दिवाळीलाच संपली होती.
सांगितलं, तर सर म्हणाले,
हो, बघत होतो तू बघतेस का.

मग राखाडी. पोलाद, दहा लिटर, रंग खरवडलेला,
कुणी तरी तिला खूप ठिकाणी नेलेलं.
तोटी जराशी उघडली. फुस्स.
वास घे, तेलाचा आला तर ठेवून दे.
नाही आला. कशाचाच नाही.
तळ्याच्या काठावर इतकी बिनवासाची हवा
मी जन्मात घेतली नव्हती,
ना शेवाळ, ना देवधान, ना वाळत घातलेल्या बोटऱ्या.
नागपुरात दाबून भरलेली, कोरडी.

हीच, म्हटलं.

पाठीवर बांधली तेव्हा शेंड्यांच्या वच्छलाबाई
काठावरून ओरडल्या, गॅस संपला का गं?
सगळे हसले. मलाही हसू आलं, तोंडात रबर होतं.

खाली काहीच दिसलं नाही.
चहात उतरल्यासारखं, हात पुढे केला तर हातही गेला.
फक्त माझाच श्वास, आत, बाहेर,
शेजारी कुणी झोपलंय असा.
कमरेचा दोर बाबांच्या हातात.
सरांनी आज तुडमाला नुसता हात लावून यायला सांगितलं होतं.
लावला. दगड गार होता,
त्याच्यावर कुणाच्या तरी टाचेएवढी झीज.

वर आले तेव्हा काटा एकशेवीसवर होता.
बाबा दोर गुंडाळत बसले, बोलेचनात.
मग म्हणाले, मानूस खाली गेला
का पानी चूप होते.
आज बुडबुडे येतच होते, येतच होते.

थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत:
मी दम धरून बसलो होतो.
सवय हाय ना.
पाचदा सोडा लागला.